खिडकीच्या उंचीची दुर्गा

माझ्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे. बेचाळीस वर्षं अकरा माणसांच्या घरात काढलेल्या बाईला कडीची किंमत सांगावी लागत नाही. एक खोली, कोपऱ्यात गॅस, स्वतःचं न्हाणीघर आणि कुमारटुली या मूर्तिकारांच्या वस्तीतल्या एका अंगणावर उघडणारी बिनगजाची खिडकी. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला मला एवढं राज्य पुरतं. घरमालक हाराधन पाल खाली अंगणात मूर्ती घडवतात. खोली देताना, इथे लेकीला हाक मारतात तसं मा म्हणत, म्हणाले होते, "मा, इथे तुझं दार कुणी ठोठावणार नाही. माझा शब्द."

गेल्या साली हा म्हातारा परांचीवरून पडला आणि गुडघा कामातून गेला. यंदा थोरल्या मुलाने, तपसने बजावलं, "बाबा, परांचीवर पाय ठेवलात तर परांचीच जाळून टाकीन. दुर्गेचे डोळे या वर्षी मी आखणार."

बावन्न वर्षं ते डोळे म्हाताऱ्यानेच आखलेले. तो माती मळत बसला. मला फार वाईट वाटलं. पण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही, म्हणूनच तर मी वेगळी राहते.

मूर्ती मात्र यंदा उंच उंच होत चालली होती. आधी सिंहाखाली विटांचा जादा थर. "पावसाचं पाणी लागेल," म्हणे. मग चौथरा हातभर डावीकडे. "उजेड नीट येत नाही." भाद्रपदात एका सकाळी चहा ओतताना मी मान वर केली, तर खिडकीबाहेर, हात लांबवला की लागेल इतक्या जवळ, देवीचं तोंड! कोरं, बिनडोळ्यांचं.

म्हणजे आषाढापासून हा म्हातारा माझ्या खिडकीच्या बेताने मूर्ती बांधत होता! आधी मला राग आला, मग इतकं हसू आलं की चहा सांडला. लबाडीतसुद्धा मापं कशी चोख! पण विचारायला काही तो वर आला नाही. स्वतःचाच शब्द आडवा येत होता ना.

महालयाच्या, म्हणजे सर्वपित्री अमावस्येच्या पहाटे घराघरांतून देवीच्या स्तोत्रांचे रेडिओ लागले. हाच डोळे आखायचा मुहूर्त. जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, मग विसावा, मग दुसरी. माझ्या दाराशी येऊन ती थांबली. ठोठावलं कुणीच नाही.

शेवटी मीच कडी काढली. न्हाऊन, कोरं धोतर नेसून, कुंचला आणि काळ्या रंगाची वाटी घेऊन तो खालमानेने उभा होता.

"किती वेळ उभे राहणार होतात, काकाबाबू?"

"तू उठेपर्यंत."

मागून तपस धावत आला. "बाबा! दीदी, तुम्ही तरी सांगा यांना!"

"परांचीवर कुठे चढलोय? जिनाच चढलोय," म्हातारा म्हणाला आणि आत येऊन त्याने माझ्याच दाराची कडी लावली.

डोळे आखताना घडवणाऱ्याशिवाय कुणी जवळ थांबत नाही. मी न्हाणीघराकडे निघाले.

"थांब, मा."

खिडकीच्या चौकटीला छाती टेकून त्याने श्वास रोखला. आधी कपाळावरचा डोळा, मग उजवा, मग डावा. मी वीस वर्षं कुंचला धरतेय, पण अशी रेघ मला सात जन्मांत जमायची नाही. मी नुसती बघत राहिले.

मग तो मागे सरकत माझ्या पलंगापर्यंत आला आणि पापण्या बारीक करून उभा राहिला.

"मा, ती बघतेय का?" आवाज अगदी बारीक. "हाताजवळचं दिसतं मला. एवढ्या लांबून नुसता पिवळा डाग दिसतो. तपसला ठाऊक नाही. तो माझं मन राखायला हो म्हणेल. तू परकी आहेस, खरं सांगशील."

हो म्हणावंसं मला किती वाटलं! पण डाव्या डोळ्यातली बाहुली केसभर वर गेली होती. देवी माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होती.

"डावा डोळा," मी म्हणाले. "केसभर वर आहे."

त्याचा चेहरा पडला. बाहेरून तपस हाका मारत होता. आता हा कडी काढणार आणि कुंचला पोराच्या हातात देणार, असं मला वाटलं.

"तू इथेच उभी राहा," तो म्हणाला आणि लंगडत पुन्हा खिडकीशी गेला. "जागेवर आली की सांग."

"अजून खाली. थोडं अजून. बास, थांबा."

"आता?"

"बघतेय."

"कुणाकडे?"

मी पलंगापासून गॅसपाशी गेले, मग दारापाशी. जाईन तिथे ती माझ्याकडेच बघत होती. मला रडूच कोसळलं.

"कळलं," पाठमोरा म्हातारा म्हणाला आणि त्याने कुंचला खाली ठेवला.