होजचं कडक टोक

शलाकाने बनवलेला होज, प्रेस मशीनची रबरी नळी, माझ्या हातात आहे आणि मला त्यातला जोड सापडत नाही.

(या टोकाला काठी. त्या टोकाला दोरी. मध्ये बदलला कुठे?)

माझ्या होजमधला जोड डोळे मिटूनही सापडतो. कडक तुकडा, पुढे मऊ तुकडा. तिथेच चिरतो. अंबरनाथच्या या कारखान्यात दोन वर्षं मी तेवढंच दुरुस्त करतेय. ही बदलापूरची पोरगी दिवाळीनंतर लागली. आतल्या तारेचे वेढे एका टोकाशी गच्च, पुढे हळूहळू विरळ. बस्स. एवढंच केलं.

एवढंच मला सुचलं नाही.

"रंजनाताई, पास झाला तर तुमचाच आशीर्वाद."

"आशीर्वादाने होज वाकत नाही. टेस्ट मशीनला लाव."

आज टेस्टमध्ये टिकेल तो होज जितेशशेठ ग्राहकाच्या प्रेसला देणार. माझा सकाळीच चिरला.

ती लावते.

उलटा.

टेस्टआधी इथे खूण करत नाहीत. पास झालेल्याच होजच्या कडक टोकाला पिवळा पट्टा. नापास मालावर रंग का घालवायचा, असं शेठचं म्हणणं. तोवर दोन्ही टोकं सारखीच काळी. मशीनच्या हलणाऱ्या हाताशी कडक टोक हवं. घाईत तिने मऊ आवळलंय.

मशीन सुरू. वर, खाली. हाताजवळ घडी पडायला लागते.

"अरे शलाका, ये तो रंजना के होज से भी पहले फटेगा," शेठ म्हणतात.

तिचं तोंड उतरतं. मला किती बरं वाटतं ते

नको.

गप्प राहायचं. नुसतं गप्प. पण असा फाटला तर उद्या तिला कळेल, उलटा होता. मग ती हरलेली नसेल, फक्त घाईत असेल. मला ती हरायला हवीय. होज सुलटा लावून. माझ्यासमोर.

"बंद कर. उलटा लावलायस."

ती जीभ चावते. दुसरा नमुना आणते, टोकं चाचपून लावते. वर, खाली. आता चिरेल. जेवणाची सुटी होते, मी डबा मशीनपाशीच उघडते. आता. शेठ येऊन बघतात, मान डोलावतात, जातात. आता तरी.

शिफ्ट सुटते.

"तू जा," मी म्हणते.

शलाका स्टूल ओढून शेजारी बसते. "अशी कशी जाऊ, ताई? माझ्या होजसाठी तुम्ही थांबलात."

मी अजून चीर शोधतेय. होज वाकतो, सरळ होतो, वाकतो.