गाबोळीचा कौल

नीताला पाचवा महिना लागत होता, आणि ती मुलगी रोज दुपारी यायची. स्वप्नात हो! जेवणं आटोपून, चार वर्षांच्या मितालीला कुशीत घेऊन नीता जरा लवंडली, हिरव्या पडद्यातून ऊन खोलीत पसरलं, की डोळ्यांपुढे आपट्याची नदी यायची. आपटा तिचं माहेर. पाताळगंगेच्या पाण्यात गुडघाभर उतरून, फ्रॉक वर धरून एक मुलगी उभी असायची. पाठमोरी. दोन वेण्या, लाल रिबिनी. हाक मारायला नाव माहीत नव्हतं, म्हणून नीता नुसतंच "अगं" म्हणायची. मुलगी मान वळवायला लागली की हिला जाग यायची.

तेव्हा पोटात कोण आहे हे नीताला ठाऊक होतं. पंचाईत एवढीच, की तिच्या नवऱ्यालाही ते ठाऊक करून घ्यायचं होतं.

सत्यजीत टिपणीस माणूस वाईट नव्हता. मेली ही वाईट नसलेली माणसंच काय काय करून बसतात! साल ब्याण्णव. असल्या तपासणीवर कायद्यानं बंदी येऊन चार वर्षं झाली होती, पण ऑफिसातल्या कुणीतरी त्याला एका डॉक्टरचं नाव दिलं होतं. शनिवारची वेळ ठरली. "एक मुलगी आहे ना आपल्याला? आता मुलगाच हवा," तो चहात बिस्कीट बुडवत म्हणाला. "मुलगी निघाली तर तिथंच मोकळी होशील. एका दिवसाचं काम."

नीताचा हात पोटावर गेला.

"मशीनबिशीन राहू दे," आतून सासूबाईंचा आवाज आला. "आधी कृष्णाबाईचा मासा काय म्हणतो ते बघू. मुलगा म्हणाला तर कुठं जायचं नाही. मुलगी म्हणाला तर जा खुशाल."

टिपणिसांच्या घरात सासूबाईंचा, चंद्रावतीबाईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. आणि त्यांचा कृष्णाबाईच्या माशावर भारी विश्वास. कृष्णाबाई उरणची कोळीण, डोक्यावर पाटी घेऊन आठवड्यातून दोनदा नव्या पनवेलमध्ये दारावर यायची. पोटुशी बाई डोळे मिटून पाटीतल्या एका माशाला हात लावायची, कृष्णाबाई तो मासा तिथंच चिरायची. पोटात अंडी, म्हणजे गाबोळी निघाली तर मुलगी, नाही निघाली तर मुलगा. बिल्डिंगमधली तीन बाळंतपणं तिनं बरोबर सांगितली होती. त्यामुळे सत्यजीतही गप्प बसला. आईपुढे बोलायची टाप होती कुणाची?

मंगळवारी सासूबाई देवळात गेल्या होत्या तेव्हा कृष्णाबाई आली. नीतानं दार उघडलं आणि उंबऱ्यातच रडू लागली. शनिवारचं सांगितलं, नदीतल्या मुलीचंही सांगितलं.

कृष्णाबाई बराच वेळ पदरानं मान पुसत बसली. "बाय, आमी काय करनार? मासा बोलंल तेच खरं. माज्या आजीपासून चालत आलंय हे."

"मावशी, ती रोज येते हो. अजून तोंडसुद्धा दाखवलं नाही तिनं मला."

"रडू नको. शुक्रवारी येते मी," एवढंच बोलून तिनं पाटी उचलली.

शुक्रवारी पाटीत सात बोईट होते. खाडीतले, चकचकीत, एकाच लांबीचे. दिवाळी नुकतीच झालेली, बोईटांची पोटं गाबोळीनं फुगायचे हे दिवस. सासूबाई पाट टाकून समोर बसल्या आणि नेहमीप्रमाणे एकेका माशाचं पोट अंगठ्यानं दाबू लागल्या. एक, दोन, तीन. सातव्यापाशी त्यांचा अंगठा जरा थांबला. त्यांनी कृष्णाबाईकडे पाहिलं.

"ताजे आहेत हो," त्या म्हणाल्या. "चल नीता, मीट डोळे."

नीतानं डोळे मिटले. बोटांना गार, ओलसर लागलं आणि नदीच आली एकदम. पायाखाली वाळू सरकत होती. समोर दोन वेण्या. हलू नकोस गं बाई, नीता मनात म्हणाली, आज अजिबात हलू नकोस. हाताला लागला तो मासा तिनं धरला.

मोरळीच्या पात्यावर तो चिरायला कितीसा वेळ लागतो? पोट स्वच्छ निघालं. गाबोळीचा कणही नव्हता.

"नातू हाय, काकी!" कृष्णाबाई म्हणाली.

"सातही दे," असं म्हणून सासूबाई भांडं आणायला आत गेल्या. तेवढ्यात कृष्णाबाई नीताच्या कानाशी लागली. "सातांतल्या एकात पन नाय. पाट्याच्या पाट्या धुंडाळल्या सकाळी बंदरावर. आजी वरून शिव्या घालत असंल मला. घालू दे."

शनिवारी कुणी कुठं गेलं नाही.

पुढचे महिने नीता सुखानं झोपली म्हणावं, तर तसंही नाही. दुपारी नदी यायची, मुलगी यायची. पण जाग आली की सासूबाई दिसायच्या, नातवासाठी गोधडी शिवत बसलेल्या. आपण या बाईला फसवतोय, हे नीताला फार लागायचं. दर रविवारी नणंद आभा यायची, सासूबाईंची तीन नंबरची मुलगी. त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांना तेल चोळत गप्पा मारायची, आणि त्या डोळे मिटून ऐकत राहायच्या. नीता बघायची आणि उठून स्वयंपाकघरात जायची.

एप्रिलात नीता बाळंत झाली. मुलगी. सत्यजीत पाळण्याशी उभा राहिला, मग म्हणाला, "आई, मासा चुकला की गं!"

"चुकतो कधीकधी. जा, चहा घेऊन ये."

तो गेला. सासूबाईंनी बाळ उचललं, त्याच गोधडीत गुंडाळलं आणि नीताच्या शेजारी टेकल्या.

"त्या कृष्णाबाईला म्हणावं, बावळट आहेस अगदी! ऐन दिवसांत सातच्या सात मासे सपाट पोटाचे? एखादा तरी गाबोळीचा ठेवायचा, म्हणजे दिसायला बरं दिसतं. चाळीस वर्षं मासे घेतेय मी. आंधळी वाटले काय तिला?"

नीता उठून बसली. "आई! तुम्हाला कळलं होतं?"

"अंगठ्याला कळतं गं."

"मग बोलला का नाहीत?"

सासूबाई गोधडीची कड सारखी करत राहिल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "दोन मुलींवर आभाच्या वेळी दिवस गेले, तेव्हा ते मशीन नव्हतं. असतं ना नीता, तर मीच पहिली जाऊन उभी राहिले असते. माझ्या पायांनी." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "दर रविवारी ती तेल चोळते, आणि मला हे आठवतं."

नीतानं त्यांचा हात धरला. दोघी मनसोक्त रडल्या. बाळ मात्र ढिम्म झोपून होतं.

त्या दुपारी नीताचा डोळा लागला. नदी आली. संथ पाणी, ऊन, वाळूवर उमटलेली लहान लहान पावलं. पाण्यात कुणीच नव्हतं.