सुदेशचा नापास कोळसा

हे लिहिणार नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. पण आज सुदेशला भेटून आलोय, आणि आता पुसणार नाही.

मी वैभववाडीला एका छोट्या लॅबमध्ये कामाला आहे. डिग्री नाही. जे येतं ते मॅन्युअल वाचून, व्हिडिओ बघून आणि लॅबच्या मुख्य रसिका मॅडमची बोलणी खाऊन. आमच्याकडे कार्बन तपासायला येतो. नारळाच्या करवंटीचा कोळसा वाफेवर भयंकर तापवला की त्याला बारीक बारीक भोकं पडतात. सोन्याच्या कारखान्यात पाण्यात विरघळलेलं सोनं हा कार्बन शोषून घेतो. पण नुसतं शोषून काय उपयोग? परत सोडायलाही पाहिजे. आम्ही तेच बघतो. सोनं धरलेला कार्बन काचेच्या उभ्या नळीत भरायचा, त्यातून कॉस्टिक सोड्याचं कढत पाणी सावकाश जाऊ द्यायचं, आणि बाहेर आलेल्या पाण्यात सोनं किती उतरलं ते मोजायचं. शंभरातलं पंच्याण्णव तरी यायला हवं.

सुदेशच्या कार्बनचं अठ्ठावन्न आलं.

सुदेश आमच्या मिठबावचा. शाळेपासूनचा. त्याचे वडील गुणाजीकाका गाबीत, मासेमारी करतात आणि सुदेशला होडी लागते. बंदर सोडलं की उलट्या. सगळा गाव हसतो, "गाबताचो झील आणि दर्याक भियाता!" म्हणून त्याने कोळशाची भट्टी टाकली. घराघरातून करवंट्या गोळा करून पिंपात जाळायचा. काकांनी त्याला एक वर्ष दिलं होतं. "नाय जमला तर गपचूप होडयेर येवचा," असं सगळ्यांसमोर सांगितलेलं. एक कंपनी त्याचा कोळसा घेणार होती. त्यांनी त्याच्या थोड्या कोळशाचा कार्बन बनवून आमच्याकडे पाठवला. पास झाला की वर्षभराचं काम.

मी टेस्ट परत केली. दोस्ताचा माल म्हणून मुद्दाम. एकसष्ट. नळीत फेस येत होता, पाणी अडत होतं. कोळशातच घाण असणार असं मला वाटलं. 'डिसॉर्प्शन असमाधानकारक', म्हणजे सोनं नीट सोडत नाही, असं लिहिलं. मॅडमनी सही केली.

आठवड्यात भट्टी बंद. सुदेश होडीवर.

गेल्या मंगळवारी मी आमच्याच चांगल्या कार्बनची टेस्ट लावली. तो कधी नापास होत नाही. त्रेसष्ट आलं. मला काही कळेना. नळी सोडवून नळाखाली धरली, साबण लावलाच नव्हता, तरी हातात फेस. नळी बोटांतून सटकायला लागली. मग वास आला.

खोबरेल.

काचेची बुचं घट्ट बसतात म्हणून त्यांना एक ग्रीस लावतात. ते संपलं होतं. आमच्याकडे काहीही अडलं की खोबरेल. दाराची कडी, बाटलीचं झाकण, बोटात रुतलेली अंगठी. मी बुचाला आणि नळीच्या जोडाला चांगलं बोटभर चोपडलं होतं. सुदेशच्या दोन्ही टेस्टला, आणि आताही. कढत कॉस्टिकमध्ये खोबरेल गेलं की साबण होतो, हे मला माहीत होतं. आई घरी तसाच साबण करते! पण डोक्यातच आलं नाही.

नवीन ग्रीस आणलं. सुदेशचा मूठभर कार्बन उरला होता तो लावला. शहाण्णव.

कंपनीला फोन केला. त्यांनी दुसरीकडून माल घेतला होता. "आता पुढच्या वर्षी बघू," म्हणाले.

आज किनाऱ्यावर सुदेश जाळं सोडवत बसला होता. गाल आत गेलेत. मी सगळं सांगितलं, न थांबता. तो जाळ्यातली कुर्ली काढत राहिला.

"तेल लावलंस?" तो म्हणाला.

"होय."

"डोक्याक लावतत ता?"

"होय रे."

तो हसला. मला वाटलं आता मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"ओंकार, तुका म्हायत आसा, बाबा काय म्हणतत? मी ओल्यो करवंट्यो जाळलंय. आळस केलंय. होडयेर रोज ऐकवतत. मी ओकतंय आणि ते सांगतत, कामचोराक दर्यो पण ठेवना नाय. माका पण तसाच वाटूक लागला रे. म्हटलंय, खरांच काय तरी चुकला आसतला माझा."

"मी भट्टी परत..."

"भट्टीची पिंपा बाबांनी कधीच देवन टाकल्यानी. ता सोड. तू बाबांका सांग. नुसता माझ्यासमोर नको, सगळे आसतत तेव्हा. जसा माका बोल्ले, तसा सगळ्यांसमोर."

"मॅडमांका पण सांगूचा लागात," मी म्हटलं.

"नोकरी जायत तुझी."

"जायत."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. विश्वास नव्हता बघण्यात. मी त्याचा ओला हात धरला.

"उद्या सकाळी मॅडमांका माझी चूक लिहून देतंय. आणि सांजेक होडयो किनाऱ्याक लागतत तेव्हा, सगळ्यांसमोर, तोच कागद गुणाजीकाकांका वाचून दाखवतंय. शब्द देतंय तुका."