परीक्षेपुरतं कन्नड

सिद्धरामनं तुरटीचं शेवटचं ढेकूळ टाकीत सोडलं, हात पँटला पुसले आणि जिना उतरून तो खाली आला. नगरपालिकेच्या पाणी विभागाचे इंजिनियर मल्लिकार्जुन साहेब पंपघराच्या दारात उभे होते. शेजारी हावगेप्पा होता, इथला जुना ऑपरेटर, नोकरीत केव्हाच कायम झालेला.

"सिद्धराम, रोजंदारीवाल्यांना कायम करायलेत," साहेब म्हणाले. "तुझं नाव वर गेलंय."

सिद्धरामला लगेच आनंद झाला नाही. साहेब अजून काहीतरी बोलायचं राखून उभे होते, हे त्याला दिसत होतं.

"दहावी पास पाहिजे, ते तू हायस. मोटारीवरचा अनुभव पाहिजे, तोबी हाय. पण तुझी दहावी सीमेपलीकडल्या उदगीरची, मराठीतली. म्हणून कन्नडची परीक्षा द्यावी लागंल. गुलबर्ग्याला. लेखी आन तोंडी."

"मला बोलता येतंय की, साहेब."

"बोलता येतंय. लिहिता येतंय का?"

हावगेप्पा जमिनीकडं बघू लागला. इतकी वर्षं पंपघराच्या नोंदी तोच लिहीत आला होता. मोटर कधी चालू केली, टाकी किती भरली, हे सिद्धराम सांगायचा आणि हावगेप्पा कन्नडात उतरवायचा. दोघांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्यात काही उणं आहे असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"आन न्हाई पास झालो तर?"

"फुडल्या जूनपासून पंपघर ठेकेदाराकडं जायलंय. जो कायम न्हाई, त्याला तो ठेवंल न्हाई तर काढंल." साहेबांनी आवाज उतरवला. "परीक्षेला अजून वेळ हाय. कुणाकडून तरी शिकून घे."

कुणाकडून शिकायचं हे सिद्धरामला तिथंच कळलं होतं. घरी तो विषय कसा काढायचा, याच विचारात त्यानं सायकल सबंध वाट हातात धरून चालवत नेली.

त्याची बायको भुवनेश्वरी दुबलगुंडीची. दोन्ही घरं एकाच बिरादरीची, दोन्हीकडचे आजे-पणजे मेंढरं घेऊन हिंडलेले. पण दुबलगुंडीचे कन्नड बोलत आणि सिद्धरामचे, मूळ चिंताकीचे, मराठी. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला भुवनेश्वरीचे भाऊ आले होते. भावंडं ओसरीवर बसून कन्नडातून बोलत होती, मधूनच मोठ्यानं हसत होती. सिद्धरामची आई, सुभद्राबाई, आत चुलीपाशी एकटी भाकरी थापत होती. तिला बाजारापुरतं कन्नड यायचं, त्यापुढचं नाही. पाहुणे गेल्यावर ती सुनेला म्हणाली, "या घरात मला कळंल तसंच बोलायचं बग." रागानं नाही म्हणाली. एकटी पडल्यासारखी म्हणाली.

"व्हय, आत्याबाई," भुवनेश्वरी म्हणाली आणि तिनं ते पाळलं. मराठी ती सासरीच शिकली, घर चालायला लागते तेवढी. भाऊ आले तरी त्यांच्याशी ती मराठीतच बोलायची. तेही मग लवकर उठून जायचे. सिद्धरामची बायको अबोल आहे, असं गल्लीत म्हणत. कन्नड ती बोलायची ती फक्त परड्यातल्या शेळीशी.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर सिद्धरामनं साहेबांचं बोलणं सांगितलं. ठेकेदाराचंही सांगितलं. सुभद्राबाईचा हात ताटातच थांबला. शेजारचा प्रशांतकुमार काम सुटल्यावर हैदराबादला वॉचमन म्हणून गेला होता. त्याची म्हातारी दारात बसून, कुणी विचारलं नाही तरी, येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची खुशाली सांगायची.

"ही शिकवंल मला," सिद्धराम ताटाकडं बघत म्हणाला. "पंपघराकडं येईल दुपारी. तिथंच शिकतो."

"कामून? घर काय झालंय?" सुभद्राबाई म्हणाली. जरा वेळानं तिनं पुस्ती जोडली, "शिका इथंच. परीक्षेपुरतं."

दुसऱ्या दिवशी बाजारातून पाटी आली. भुवनेश्वरीनं अक्षरं काढून दिली आणि मराठीतून समजवायला सुरुवात केली. तिला शब्द सापडेनात. दर वाक्याला ती अडखळायची, खडू बोटांत फिरवायची.

"असं न्हाई जमायचं," सिद्धराम म्हणाला. "तू कन्नडातच बोल."

तिनं सासूकडं बघितलं. सुभद्राबाईनं सुपात तूर घेतली आणि ती ओट्यावर जाऊन बसली.

मग भुवनेश्वरी बोलू लागली. त्या आवाजाची सिद्धरामला ओळख नव्हती. तो मोठा होता, भरभर चालणारा. ती त्याला दटावायची, पुन्हा लिहायला लावायची, त्याच्या बोलण्याची नक्कल करून दाखवायची. कन्नडात 'ए' दोन, एक आखूड आणि एक लांब. मराठी जिभेला तो फरक लवकर कळत नाही. एकदा त्याचा आखूड 'के' लांबला, शेवटही चुकला, आणि 'केरे'च्या जागी 'केरी' लिहिलं गेलं. केरे म्हणजे तळं, केरी म्हणजे गल्ली.

"सगळं पाणी गल्लीत सोडलंत," ती कन्नडातून म्हणाली. "आता लोक काय होडीनं फिरणार?" आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली, की शेवटी तिला भिंतीला टेकावं लागलं.

आपली बायको गंमत करू शकते, हे सिद्धराम तेव्हा पहिल्यांदा बघत होता.

वाचन झालं, की ती त्याला बोलायला लावायची, म्हणजे तोंडीची तयारी व्हावी. तो पंपघरातलं सांगायचा. ती दुबलगुंडीचं सांगायची. शाळेत कविता म्हणण्यात तिचा पहिला नंबर असायचा. तिला मास्तरीण व्हायचं होतं. मास्तर घरी येऊन वडिलांना समजावून गेले होते, पण पुढची शाळा हुमनाबादला, आणि एकट्या पोरीला एवढ्या लांब कोण धाडणार.

"हे तू कधी सांगितलं न्हाईस," सिद्धराम म्हणाला. तो मराठीत बोलून गेला, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

तिनं कन्नडातच उत्तर दिलं. "मराठीत सांगायला आलं नसतं."

पाटीवरचं पुसायचं होतं, पण तो ओला बोळा हातात घेऊन तसाच बसून राहिला. बाहेर ओट्यावर सूप वाजत होतं.

थंडी पडली तशी सुभद्राबाई सूप घेऊन उंबऱ्याच्या आत बसू लागली. पाठ दोघांकडं, तोंड रस्त्याकडं. तूर निवडून झाली तरी तीच पुन्हा निवडत बसायची. म्हातारीला हे सोसत नसणार, असं सिद्धरामला वाटायचं. परीक्षा एकदाची होऊन जाऊ दे, असं तो मनात म्हणायचा, आणि तसं म्हटल्यावर त्याला बरंही वाटायचं नाही.

गुलबर्ग्याला लेखी परीक्षेत ऐकून लिहायचं होतं. दोन शब्द सुटले, एक त्यानं खोडून पुन्हा लिहिला. तोंडी परीक्षेला टेबलापलीकडं एक म्हातारे गृहस्थ आणि एक बाई होत्या. काय काम करता, असं बाईंनी विचारलं. तळ्यातलं पाणी कसं येतं, तुरटीनं गाळ कसा बसतो, मग वाळूतून गाळून, ब्लिचिंग घालून ते गावात कसं सोडतात, हे त्यानं सांगितलं. मध्येच एक मराठी शब्द निसटला. म्हातारे गृहस्थ हसले, पण त्यात दुखावणारं काही नव्हतं.

"कुणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

"नन्न हेंडती," तो म्हणाला. माझ्या बायकोनं. ते सांगताना मात्र त्याला एकही शब्द शोधावा लागला नाही.

निकाल लागायला उन्हाळा उजाडला. एका सकाळी मल्लिकार्जुन साहेबांची मोपेड पंपघरापाशी थांबली. ते उतरलेही नाहीत.

"पास झालास," ते म्हणाले. "ऑर्डर निघंल आता."

सिद्धराम बरं म्हणाला. मोपेड वळून गेली, तेव्हा तो पायरीवर बसला. मग उठून त्यानं नळ सोडला, डोकं खाली धरलं आणि गार पाणी मानेवरून, सदऱ्याच्या आत उतरू दिलं. किती दिवस त्याला हैदराबादची स्वप्नं पडत होती, अनोळखी फाटकं, खाकी कपडे, परक्याच्या दारातलं स्टूल. त्यातलं आता काही होणार नव्हतं. हावगेप्पानं त्याच्यापुढं नोंदवही आणि पेन धरलं. "घे. माझा हात दुखायलाय," तो म्हणाला आणि हसत पानाची पुडी सोडू लागला.

घरी सांगितल्यावर सुभद्राबाईनं डबा काढला, लेकाच्या तळहातावर साखर ठेवली, मग सुनेच्या. भुवनेश्वरीनं ती देवाला दाखवली आणि तोंडात टाकली. तिचं तोंड उजळलं होतं.

मग तिनं पाटी ओल्या फडक्यानं पुसली, कोरडी केली आणि कपाटाच्या वर ठेवून दिली.

"चा ठिवू का?" तिनं विचारलं.

मराठीत विचारलं. आवाज पुन्हा पहिल्यासारखा बारीक झाला होता. सिद्धरामनं नुसती मान हलवली. सकाळपासून हलकं झालेलं अंग त्याला आता तितकं हलकं वाटेना. बोल की, असं त्याला म्हणायचं होतं. पण आई समोर बसली होती, आणि परीक्षेपुरतं म्हणून जे ठरलं होतं ते संपलं होतं. चहा झाला. संध्याकाळ झाली. भुवनेश्वरीनं दोघांना वाढलं आणि ती भाकरीच्या दुरडीपाशी, नेहमीसारखी मागून जेवायला थांबली.

सुभद्राबाईनं आपल्या शेजारची जमीन तळहातानं पुसली.

"बा," ती म्हणाली. "कूड. ऊटा माड."

ये, बस, जेव. शब्द वाकडेतिकडे आले होते, पण कन्नडच होते. भुवनेश्वरी दुरडीवरचा हात न उचलता तिच्याकडं बघत राहिली.

"तुमी जेवा, आत्याबाई. मी मागून..."

"मराठीत नगं," सुभद्राबाई म्हणाली. "आता कुठं जरा कळायला लागलंय मला. हळू बोल, म्हंजी झालं."

भुवनेश्वरी सासूशेजारी येऊन बसली. सिद्धरामनं तिच्यासाठी ताट घेतलं. तिनं भाकरी मोडली. मग एकेक शब्द ठेवत, दोन शब्दांमध्ये थांबत, तिनं कन्नडात काहीतरी सांगायला सुरुवात केली. सिद्धराम मान खाली घालून जेवत होता.

"थांब," सुभद्राबाई म्हणाली. "तेवढं परत सांग."