पडद्यामागची परीक्षा

गोदावरीनं मनकर्णेच्या हातातली पाटी काढून घेतली आणि पालथी घातली.

"पुरे आता. जे येते ते येते, नाही येत ते नाही येत."

"वन्सं, मले साडेतिनाची औटकी आठवूनच नाही राहिली." मनकर्णेचे ओठ कोरडे पडले होते. "काल तं घडाघडा म्हणत होती मी."

"आजही म्हणशील. पाणी पे."

अकोल्याच्या शाळेला त्या दिवशी सुट्टी होती. खोलीच्या मधोमध दोरीवर पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी टाकून पडदा केला होता. पडद्याअलीकडे या दोघी नणंद-भावजय, पलीकडे डिपुटी साहेबांसाठी मांडलेली खुर्ची, आणि दाराशी येरझारा घालणारा मोरोपंत. हा या शाळेचा मास्तर, गोदावरीचा धाकटा भाऊ आणि मनकर्णेचा नवरा. शाळा तपासणारे डिपुटी बापूसाहेब सकाळीच अमरावतीहून यायचे होते. पण त्या साली कापसाच्या तेजीनं सगळ्या वऱ्हाडाला पिसं लावलं होतं. बडनेऱ्यापासून रस्ताभर कापसाच्या गाड्याच गाड्या, आणि साहेबांची बैलांची दमणी असेल कुठंतरी त्यांच्या मागं धूळ खात.

त्याच तेजीत हात मारून घेतलेल्या अमरावतीच्या एका व्यापाऱ्यानं मुलींच्या शाळेसाठी जागा दिली होती. अट एकच, मास्तरीण सवाशीण पाहिजे. आमच्या पोरींनी सकाळी सकाळी बोडक्या बाईचं तोंड काहून पाहावं, असं तो म्हणाला म्हणे. वरच्या लोकांनाही ते पटलं. मास्तर आणि त्याची बायको अशी जोडीच मिळाली तर सोन्याहून पिवळं. मोरोपंतानं लगेच बायकोच्या नावानं अर्ज ठोकला.

आता ती बायको शिकली कोणाकडून, हे अर्जात विचारलेलंच नव्हतं.

गोदावरी तेराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा वडील मोरूला शिकवत आणि ती शेजारच्या खोलीत तांदूळ निवडत बसे. मोरूला जे तीनदा सांगावं लागे ते हिला भिंतीपलीकडून एकदाच ऐकून येई. बाळबोध आली, मोडी आली, हिशेब आले. अठ्ठाविसाव्या वर्षी, अंगावर लाल आलवण आणि डोक्यावरून ओढलेला पदर, अशा अवस्थेत तिला पहिली विद्यार्थिनी मिळाली, ती ही सतरा वर्षांची मोर्शीची भावजय. मोरोपंतानं चार दिवस शिकवून पाहिलं, आरडाओरडा केला आणि नाद सोडला. गोदावरीनं दोन वर्षं शिकवलं. त्या दोन वर्षांत ती जगली, असं म्हटलं तरी चालेल.

आणि त्यातली गंमत बघा. मनकर्णा पास झाली की नवराबायको दोघांची बदली अमरावतीला. तिथं राहायला दोनच खोल्या. मग गोदावरीअक्कानं काकांकडे राहायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे मोरोपंतानं ठरवलं. काकांच्या घरी सतरा माणसं, आणि स्वयंपाकीण गेल्याच महिन्यात सोडून गेलेली. तिथं एकदा चुलीपुढं बसलं की पुस्तक काही पुन्हा हाती लागायचं नाही. म्हणजे गोदावरीनं जितकं मन लावून शिकवावं, तितकी ती चूल जवळ येणार. हे तिला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं, आणि तरी काल तिनं मनकर्णेकडून सगळे पाढे चारचारदा म्हणवून घेतले होते. तिला वाईट शिकवताच येत नव्हतं, त्याला कोण काय करणार!

उन्हं डोक्यावर आल्यावर दमणी दाराशी थांबली. जोडे वाजले, खुर्ची करकरली.

"फार उशीर झाला, मोरोपंत. हा कापूस माणसाला रस्त्यानं चालू देईल तर शपथ! बाई आल्या आहेत ना?"

"हो साहेब. सोबतीला बहीण आहे."

"बरं, बरं. बाई, घाबरू नका हं. सोप्यातलंच विचारतो. वऱ्हाडातल्या मोठ्या नद्या सांगा पाहू."

मनकर्णेनं तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. परक्या पुरुषाला ऐकू जाईल असं मोठ्यानं ती जन्मात बोलली नव्हती. तिनं गोदावरीचं मनगट धरलं.

"बाई?"

पडद्यापलीकडे मोरोपंत खाकरला. बाहेर कोणीतरी बैलांवर ओरडत होतं.

आपण नुसतं बसून राहायचं, गोदावरीच्या मनात आलं, आपल्याला कोणी काही विचारलेलं नाही. आणखी घटकाभर हे असंच चाललं, की डिपुटी उठतील, अमरावती बारगळेल, काकांचं घर टळेल, उद्या दुपारी पुन्हा आपण दोघी पाटी घेऊन बसू. पापाचा विचार होता, पण होता.

"येत नसेल तर तसं सांगा," डिपुटी म्हणाले. आवाजात कंटाळा होता. "मी वर लिहीन, की बायकांना हे जमण्यातलं नाही."

"पूर्णा, वर्धा आणि पैनगंगा," गोदावरी म्हणाली.

बोलून गेल्यावरच तिला कळलं की आपण बोललो. मनकर्णेनं तिच्याकडे पाहिलं. पडद्यापलीकडे मोरोपंताच्या येरझारा थांबल्या.

"वा! पूर्णा कुठं जाऊन मिळते?"

"तापीला."

"नऊ औटे?"

"साडेएकतीस."

मग काय विचारता! डिपुटींनी पुस्तक पडद्याखालून सरकवलं, तिनं दोन पानं न अडखळता वाचली. मोडीतलं पत्र दिलं, तेही वाचलं. त्रैराशिक घातलं, तिनं तोंडीच सोडवलं आणि वर साहेबांच्या उत्तरातली चूकही दाखवली. डिपुटी खो खो हसले. इतकी वर्षं तिच्या डोक्यात साठलेलं कोणी विचारलंच नव्हतं. आज एक माणूस विचारत होता आणि ती सांगत होती. तिचे कान तापले होते. इतका आनंद तिला कधी झाला होता, ते तिला आठवेना.

"शेवटचं," डिपुटी म्हणाले, "या कागदावर आपलं नाव लिहा. अक्षर पाहतो."

कागद आणि बोरू आत आले. गोदावरीनं ते मनकर्णेपुढं सारले. नावापुरतं तरी तिचं तिनं लिहावं.

मनकर्णेनं बोरू उचलला. जपून, काना-मात्रा सांभाळत, तिनं वळणदार अक्षरात लिहिलं : गोदावरी.

"अवं, काय करून राहिली?" गोदावरी कुजबुजली.

"खरं तेच लिहिलं," मनकर्णाही कुजबुजली. "मी फक्त बसली होती."

कागद अजून अलीकडेच होता. हात लांब करून ओढून घेता आला असता. गोदावरीनं हात लांब केला नाही. मनकर्णेनं कागद पडद्याखालून सारला तरी केला नाही. होऊन जाऊ दे काय व्हायचं ते! हाकलतील तर हाकलतील, पण एकदा त्या माणसाला कळू दे, कोण बोलत होतं ते.

"अक्षर सुरेख," डिपुटी म्हणाले. मग थांबले. "पण मोरोपंत, अर्जात तर तुमच्या कुटुंबाचं नाव मनकर्णा आहे. ही गोदावरी कोण?"

मोरोपंताची पावलं खुर्चीजवळ गेली.

"ते त्यांचं माहेरचं नाव, साहेब. लग्नात बदललं. घाईत जुनंच लिहून गेल्या."

"असं होय!" डिपुटी हसले. "चालायचंच. आमच्या घरीही अजून तोच घोळ होतो." कागदावर बोरू फिरल्याचा आवाज आला, आधी आडवी एक रेघ, मग सावकाश चार अक्षरं. "मनकर्णा. पास. मोरोपंत, छान तयार केलंत हो कुटुंबाला. हुकूम आठ दिवसांत येईल."

मनकर्णा उठायला निघाली. तिचं तोंड लाल झालं होतं, ती नक्की काहीतरी बोलली असती. गोदावरीनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं. का बसवलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. डिपुटींची पावलं दाराबाहेर गेली, दमणी हलली.

मोरोपंत पडद्याआड आला. बहिणीकडे त्यानं पाहिलं नाही. पालथी पाटी उचलली, उलटी केली, पुन्हा ठेवली.

"अक्का," तो म्हणाला, "काकांकडे नको राहू तू. आमच्यासंगं अमरावतीले चाल."

"काहून?" गोदावरीनं विचारलं. "खोल्या तं दोनच हायेत ना?"

"भागवू दोन खोल्यांत." तो घुटमळला. "हिले रोज शाळेत शिकवा लागन. आदल्या दिवशी घरी कोणी सांगितल्याबिगर हिच्यानं होणार नाही. लोकांसमोर ही, आन् घरी तू. कोणाले समजते?"

मनकर्णा एकदम रडायला लागली. "मी नाही जात शाळेत," ती म्हणाली. "वन्सं, तुमी नाही म्हणा. तुमी नाही म्हणा ना!"

नाही म्हणायला हवं होतं. ज्यानं आत्ता साहेबांसमोर आपलं नाव दुसरीला देऊन टाकलं, त्याला तोंडावर सांगायला हवं होतं, की मी काकांच्या घरी सतरा माणसांच्या भाकरी थापीन, पण तुझ्या मास्तरकीला टेकू देणार नाही. गोदावरीला हे सगळं शब्दन् शब्द सुचलं.

"येईन," ती म्हणाली.

इतक्या लगेच म्हणाली, की रडणारी मनकर्णाही तिच्या तोंडाकडे पाहतच राहिली.