डबा गरम करू का?

"डबा गरम करू का?" मिनेकोने ओट्यापलीकडून विचारलं.

"हं," तोकुजी म्हणाला.

"हं म्हणजे काय? हो की नाही? दुकानातली मुलगी तुमची बायको नाही, नुसत्या हुंकारावरून ओळखायला."

उद्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मिनेको दवाखान्यात राहायला जाणार होती. मागे नवऱ्याच्या जेवणाचं काय, हा तिला घोर होता. लेकीकडे राहायला जाण्यात त्याला कमीपणा वाटत होता आणि घरात तर त्याने कधी चहाचं पाणीही तापवलं नव्हतं. कारखान्यात जन्मभर माणसांवर डाफरलेले हे महाशय काल कोपऱ्यावरच्या दुकानातून रिकाम्या हातांनी परतले होते. दुकानातल्या मुलीने भराभर चार प्रश्न विचारले, म्हणून मासे-भाताचा तयार डबा काउंटरवरच टाकून आले आणि वर दुकानालाच नावं ठेवत बसले. त्या ऐटीचं मिनेकोला आता हसूही येत नव्हतं.

म्हणून ही शिकवणी चालली होती. तो हातात रिकामा डबा घेऊन दारापासून चालत यायचा आणि ती दुकानातल्या मुलीच्या गोड आवाजात विचारायची, पिशवी हवी का, जेवायच्या काड्या देऊ का. तो भिंतीकडे बघत गुरगुरायचा.

"पैसे मी द्यायचे आणि वर आर्जवंही मीच करायची?"

"मग उपाशी राहा. मी काही दवाखान्यातून लंगडत येणार नाही."

याचा मात्र परिणाम झाला. तो पुन्हा आला, डबा ओट्यावर नीट ठेवला आणि म्हणाला, "पिशवी नको. काड्या द्या. आणि कृपा करून गरम करून द्या." मग चक्क मान लववून म्हणाला, "आभारी आहे. तुम्हाला त्रास दिला."

मिनेको डबा हातात धरून उभीच राहिली. लग्न झाल्यापासून तिने त्याला किती वेळा गरम करून वाढलं होतं, त्याला गणती नव्हती. हे शब्द तिच्यासाठी नव्हतेच. ते दुकानातल्या कुणा अनोळखी पोरीसाठी होते आणि उद्या तिलाच मिळणार होते. मिनेकोला त्याचा संताप आला. त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण एवढ्याशा उसन्या शब्दांनीही ती सुखावली होती.

"जमलं ना?" खुर्ची ओढत त्याने विचारलं.

जमलं होतं. शब्दन् शब्द बरोबर होता.

"नाही," मिनेको म्हणाली. "दारापासून पुन्हा या."