उघाडीतला काना

मी पावसाच्या पाण्याची इंजिनीअर आहे म्हटलं की लोक हसतात. हसोत बापडे. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला मोठी वसाहत उभी राहायचं ठरलं आणि तिथल्या पाण्याचा आराखडा आमच्याच कंपनीकडे आला, तेव्हा मला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. गाव गव्हाणपासून हाकेच्या अंतरावर, खाडीला लागून. तिथल्या खालच्या आळीत माझी आई राहते. भराव टाकून वसाहत उंच झाली की वरचं सगळं पाणी त्या आळीत उतरणार, हे कळायला इंजिनीअर व्हावं लागत नाही. ते उतरू न देणं, एवढ्यासाठी मात्र मी इंजिनीअर होते.

आमच्याकडे खाडीच्या बांधात उघाडी असते. उघाडी म्हणजे पाण्याचं दार. भरती चढली की खाडीच्या रेट्यानं ते आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं. पण भरती आणि मुसळधार पाऊस एकदमच आले तर दार बंद, आणि पाण्याला जायला जागा नाही. म्हणून उघाडीच्या आतल्या बाजूला मी मोठा तलाव आखला होता. वसाहतीचं पाणी आधी टाकीत येणार, तिथं गाळ आणि गाड्यांचं तेल वेगळं होणार. मग ते पाणकणसांच्या दाट गवतपट्ट्यातून गाळून तलावात थांबणार, आणि ओहोटी लागली की खाडीत जाणार. आळीतल्या बायका त्याच खाडीत चिंबोऱ्या आणि निवट्या धरतात. त्यांच्या कालवणात कुणाच्या गाडीचं ऑइल जायला नको, एवढं साधं गणित होतं.

बांधाकडची ती जमीन गावकीची, आणि गाव ती सोडायला तयार नव्हतं. त्यांना तयार केलं माझ्या चुलतभावानं, प्रणितदादानं. बिल्डरला गावातल्या जमिनी मिळवून द्यायचं काम तो करतो. पाडव्यानंतर देवळात बैठक भरली, तिथं त्यानं आधी मला उभं केलं. मी तलाव समजावला, खडूनं फरशीवर काढून दाखवला. आळीची पोर सांगतेय म्हणून म्हाताऱ्यासुद्धा माना हलवत होत्या. मग दादानं करारातली अट मोठ्यानं वाचली: बांधालगतची उघडी जागा कायम राहील. गावानं ऐकलं, उघाडीची जागा. मीही तेच ऐकलं. त्या बांधावर आमच्या कानाला दुसरा शब्द ठाऊकच नाही.

भराव सुरू झाल्यावर एक दिवस बांधाजवळ पाटी दिसली. ‘उघडी जागा: क्लब हाउस आणि लॉन’. मला हसूच आलं. कुणा शहरी माणसानं उघाडीतला काना खाल्ला होता. ऑफिसात विचारलं तर साहेब शांतपणे म्हणाले की तलाव आराखड्यातून कधीच काढलाय, पाइप सरळ खालच्या आळीमागच्या नाल्यात सोडायचे आहेत. गावाला फक्त उघडी जागा हवी होती, आणि लॉन काय बंदिस्त असतं का?

माझं हसू तिथंच संपलं. तरीही मी दादाकडेच धावले, कारण हा घोळ निस्तरेल तर तोच. आम्ही दोघं त्या उघाडीपाशीच पोहायला शिकलो. ती कशाला म्हणतात हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तो साइट ऑफिसात एकटाच होता. मी म्हटलं, “दादा, करारात काना राहिलाय. शहरवाल्यांना उघाडी काय ते म्हायीत नाय.”

“राहिला नाय. मीच काढला.”

मला वाटलं, थट्टा करतोय. पण तो समजुतीच्या सुरात सांगू लागला. तलावात एवढी जागा गेली असती तर बिल्डर दुसरीकडे निघाला असता, मग गावाच्या हाती काय आलं असतं, असं बरंच काही. मराठीत ध चा मा करणारे आधीपासून आहेत. माझ्या भावानं नुसता एक काना पुसला आणि सगळी आळी पाण्यात घातली. कुंपणानंच शेत खाल्लं, तर दाद मागायची कुणाकडे? मी सगळ्यांना जाऊन सांगेन म्हटलं, तर त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

“सांग. पन त्या दिवशी लोका माज्या तोंडाकडं नाय बघत व्हती. तुज्या तोंडाकडं बघत व्हती.”

असा संताप मला कधी आला नव्हता. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि दिली नाही याचा आजही राग येतो.

त्याला वाकवू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, त्याची आई. भामाकाकी आणि माझी आई जावा-जावा. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. होळी झाल्या झाल्या दादानं काकीला खांदा कॉलनीत फ्लॅटवर नेलं. गुडघ्यांवर इलाज करायचाय, बरं वाटलं की परत आणतो, असं त्यानं सांगितलं होतं. मी थेट तिथं गेले आणि सगळं ओकले. काकी चहा ठेवून ऐकत होती. चहा उतू जायला आला तेव्हा तिनं गॅस बंद केला.

मी म्हटलं, “काकी, तू बोल त्याच्याशी. तुजं ऐकंल तो.”

“काय बोलू गो? मला हितं आनलं तवाच बोलला तो. आये, आळीत आता पानी शिरनार, तू नको राहू तिथं.”

म्हणजे बैठकीच्याही आधी. मी खडूनं तलाव काढत होते तेव्हा या घरात सगळं ठरलेलं होतं.

“आनि माजी आय?”

“त्यानं शपथ घातलेली,” काकी म्हणाली. मग चहा गाळता गाळता हळूच म्हणाली, “पावसाच्या आदी आन तिला हिकडं. माज्या खोलीत जागा हाय.”

मी कपाला हात लावला नाही.

“आय रोज सकाळी तुजं अंगन झाडते, काकी,” मी म्हटलं. “भामा आली तर तिला घर ओसाड दिसाया नको, बोलते.”